कपारीतली एकतीस माणसं

दिवाळी उलटली की पहाटे मला खोकला सुरू होतो. डॉक्टर म्हणतात वयामुळे. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. पण हा खोकला कापसाचा आहे हे मला ठाऊक आहे. नालवाडीच्या आमच्या घरापासून सरकी काढायची जिन आता लांब गेली. कापूस बैलबंड्यांतून यायचा तो ट्रकमधून येतो. तरी या दिवसांत हवेत रुईची बारीक भुकटी असतेच. कपडे वाळत घातले की खांद्यांवर ती दिसते, आणि छातीला तर ती न दिसताच कळते.

परवा सकाळी दारावरून एक ट्रक गेला. ताडपत्री एका बाजूनं सुटली होती, आणि कापसाचे पुंजके रस्त्याकडेच्या बाभळीला अडकून राहिले. ओट्यावर ऊन खात बसलो होतो. नात म्हणाली, आबा, आत चला, धूळ आहे. मी बसून राहिलो. माझ्या आयुष्यातले जवळजवळ सगळे कापसाचे हंगाम एकमेकांत मिसळून गेले आहेत, एक वेगळा काढून दाखवता यायचा नाही. त्यातला एकच हंगाम मात्र कशातच मिसळला नाही. आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला, त्या सालचा.

तेव्हा मी वर्ध्याच्या एका कापूस दाबायच्या प्रेसमध्ये गाठींवर मार्का मारायचो. दाबून, पट्ट्या आवळून, तरटात बांधलेली गाठ बाहेर आली की तिच्यावर पत्र्याचा साचा धरायचा आणि काळ्या रंगाचा ब्रश फिरवायचा. प्रेसचं अक्षर, गाठीचा नंबर, साल. दिवसाला दोनशे गाठी, कधी त्याहून जास्त. संध्याकाळी उजव्या हाताची बोटं मिटायची नाहीत. जेवताना शेवंता, माझी बायको, भाकरी कुस्करून द्यायची. मला सगळे मार्केवाला म्हणत. श्रावण हे माझं नाव प्रेसमध्ये फार थोड्यांना ठाऊक होतं.

शिकलो सातवीपर्यंत. पण नाद लागला होता तो भलताच. कारंज्याच्या पलीकडे डोंगरात एका नातेवाइकाच्या लग्नाला गेलो होतो. ज्येष्ठाचं ऊन. वऱ्हाड झाडाखाली झोपलेलं, आणि मी सावली शोधत वर चढलो तो एका कपारीत शिरलो. डोळे अंधाराला सरावले तेव्हा समोरच्या काळ्या दगडावर माणसं दिसली. लाल रंगाची, वीतभर उंचीची, एकमेकांचे हात धरून उभी. एकतीस माणसं. त्यांच्या शेजारी आडव्या-उभ्या रेघांचा एक चौकोन, आणि खूप वर, हात पोचणार नाही इतक्या वर, चार पुसट हरणं. लग्न लागलं तेव्हा मी तिथंच होतो. शेवंताचे भाऊ मला शोधत फिरले, आणि ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

वर्ध्याला परत आल्यावर मी माझ्या जुन्या शाळेच्या गुरुजींकडे गेलो. ते तेव्हा निवृत्त झाले होते. त्यांनी ग्रंथालयातून इंग्रजी पुस्तकं आणली. ते वाचत आणि मराठीत सांगत. मी ऐकत बसे. हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी गुहांमधून चित्रं काढून ठेवली आहेत, हे मी रविवारी दुपारी, त्यांच्या पडवीत, सुपारीच्या कातरण्याच्या आवाजात शिकलो. पुढची आठ वर्षं तसंच चाललं. हंगाम असेतो गाठी. होळीनंतर प्रेस थंडावली की डोंगर. पतंगाचा कागद दगडावर धरून मी एकेक आकृती उतरवून घेतली. प्रत्येकीला आकडा दिला. एक ते एकतीस माणसं, बत्तीस हा चौकोन, तेहतीस ते छत्तीस हरणं. हात धरलेली माणसं म्हणजे शिकारीच्या टोळीचं नृत्य, असं मी लिहिलं. चौकोन म्हणजे जनावर पकडायचा सापळा.

लोक विचारायचे, यात काय मिळतं. प्रेसमध्ये मी हजारो खुणा मारल्या, त्या सगळ्या मालाबरोबर निघून गेल्या. इथं कुणीतरी खूण केली होती आणि ती राहिली होती. एवढंच वाटायचं. पण हे बोलून दाखवायचीही दमणूक असते.

एक गोष्ट मी त्या आठ वर्षांत कुणालाही सांगितली नव्हती. तिसऱ्या की चौथ्या उन्हाळ्यात तांब्यातलं पाणी पिऊन मी हात पुसले नाहीत आणि तसाच एका आकृतीवरून बोट फिरवलं. बोट लाल झालं. माझा धंदाच रंगाचा. तेलात कालवलेला रंग कसा धरतो, डिंकात कालवलेला कसा सुटतो, हे मला कुणी शिकवायला नको होतं. हजारो वर्षांचा रंग ओल्या बोटाला लागत नसतो. मी बोट धोतराला पुसलं आणि पुढच्या आकृतीवर कागद धरला. गुरुजींनी एकदा वाचून दाखवलं होतं की अशी चित्रं वाळूच्या दगडावर टिकतात, आपला काळा दगड पापुद्र्यापापुद्र्यानं सुटतो, त्यावर फारसं काही राहत नाही. तेव्हाही मी म्हणालो होतो, "इथं राह्यलं असन, गुरुजी."

जिल्हा मुंबई राज्यात गेला त्या सालच्या दसऱ्याला आम्ही नागपूरला जाऊन धम्म घेतला. चालत गेलेले होते, रेल्वेनं गेलेले होते; पांढऱ्या कपड्यांचा तो सागर मी वेगळा सांगत नाही, ज्यांनी पाहिला त्यांना सांगायची गरज नाही. परत आल्यावर शेवंतानं देवांचा कोनाडा धुऊन काढला आणि तो बरेच दिवस रिकामा ठेवला. तिकडे कापूस यायला लागला, बंड्यांच्या रांगा लागल्या, आणि मी पुन्हा साचा हातात घेतला. त्याच आठवड्यात नागपूरच्या एका प्राध्यापकांचं पत्र आलं. गुरुजींनी माझा निबंध इंग्रजीत करून त्यांना पाठवला होता. संक्रांतीनंतर विद्वानांची सभा भरणार होती. त्यात मला पंधरा मिनिटं दिली होती.

पत्र गुरुजींनी तीनदा वाचलं. मग चष्मा काढून म्हणाले, "श्रावण, आता मापं नीट हवीत. चौकोनाची रुंदी तू लिहिलीच नाहीस."

हंगामात सुटी मिळणं कठीण. प्रेसच्या मॅनेजरनं एक रविवार दिला. पहाटेच्या मोटारीनं कारंज्याला उतरलो आणि तिथून पायी निघालो. कपारीकडे मी हिवाळ्यात पहिल्यांदाच जात होतो. उन्हाळ्यात गेलं की खालचा गोंडांचा पाडा ओस असायचा, सगळी घरं तेंदूपानं तोडायला रानात गेलेली. आता मात्र वावरांत कापूस फुटला होता आणि बाया वेचणीला वाकलेल्या दिसत होत्या. आठ वर्षांत मी त्या पाड्यातल्या एकाही माणसाशी बोललो नव्हतो, हे मला तेव्हा जाणवलंही नाही.

चौकोनाचं माप घेत होतो तेवढ्यात एक म्हातारी वर आली. सत्तरीची असेल. कमरेला वेचलेल्या कापसाची ओटी, हातात फडक्यात बांधलेली भाकर. थंडीत त्या दगडावर दुपारचं ऊन चांगलं पडतं, म्हणून ती तिथं जेवायला येत असावी. मला बघून दचकली वगैरे नाही. बसली, गाठ सोडली.

"काय पाहून राह्यला, बापू?"

"हे चित्रं पाहून राह्यलो, माय. लय जुने हायेत. हजारो वर्साचे."

तिनं घास खाल्ला, दगडाकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे.

"हे तं माह्या आजीनं काढले."

मी फीत हातातच धरून उभा राहिलो. खाली कुणीतरी बाई दुसरीला हाक मारत होती, ती हाक दोनदा ऐकू आली.

"कोनते?" मी विचारलं.

"हे सारे. ते वरचे हरनं सोडून. ते पयलेपासून होते. आजी म्हने, ते कोनं काढले कोनाले मालूम नाई."

मी तिच्या शेजारी खाली बसलो. पाय दुखत होते म्हणून बसलो असंही म्हणता येईल. तिचं नाव जैतुराबाई. तिनं भाकरीचा तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि सांगत गेली. मराठी आमचीच बोलत होती, मधे एखादा शब्द गोंडीतला यायचा तेव्हा थांबून बदलून घ्यायची.

"मी लहान होती. सात-आठ वर्साची. गावात फटकी आली. रोज मानसं मरून राह्यले होते. मंग आजीनं साऱ्याईले वर आनलं. एक महिना इथंच राह्यलो. तिनं गेरू कुटला, धावड्याचा डिंक कालवला आन जितके वर आलो तितके काढले."

"काऊन काढले?"

"मोजाले. सकायी उठून मोजे ते. बोट ठेवे एकेकावर आन नाव घेये. कोनी चोरून खाली गेला असन तं समजे."

"आन हात काऊन धरले?"

"कोनी सुटू नये म्हून."

मी नृत्य लिहिलं होतं. इंग्रजीत त्याला गुरुजींनी फार सुंदर शब्द योजला होता. मी चौकोनाकडे बोट दाखवलं. ती म्हणाली, ते खालचं घर, छपराच्या काड्या. आजीनं ते शेवटी काढलं, परत जायचंय हे पोरांना सांगायला.

मग ती उठली आणि दगडाजवळ गेली. डाव्या टोकापासून एकेका आकृतीवर बोट ठेवत तिनं नावं सांगायला सुरुवात केली. हा माहा बाप. हा काका, याचं लगन नव्हतं झालं. हे आजी सोता, इनं सोताले बुटकी काढली. माझ्या वहीत आकडे होते. मी प्रत्येक आकड्यापुढे नाव लिहीत गेलो. पाच जणांची नावं तिला आठवेनात. त्या पाचांपुढे ती इतका वेळ थांबली, की खालच्या बायांचं जेवण होऊन त्या पुन्हा वावरात उतरल्या. मी म्हटलं, राहू दे माय. ती म्हणाली, राहू कसं देऊ.

"खाली किती उतरले?" मी शेवटी विचारलं.

"तेवीस. मैनी माही बहीन, ते इथंच गेली. पन जे गेले त्याईले पुसलं नाई आजीनं. ते म्हने, मोजनीत राहू दे."

परतताना मोटारीत बसायला जागा नव्हती. दांडी धरून उभा होतो आणि हिशेब लागत होता: छत्तीसपैकी चार. चार पुसट हरणं, ज्यांचा एक पायही मला कधी नीट उतरवता आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रेसमधून थेट गुरुजींकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकलं. टेबलावर त्यांच्या वळणदार अक्षरातली निबंधाची शाईची प्रत होती, बत्तीस पानं.

"म्हातारीच्या आठवणीवर काय भरवसा ठेवतोस," ते म्हणाले. "आजीनं जुन्याच आकृत्यांवरून रंग फिरवला नसेल कशावरून?"

"फिरवला असन."

"मग?"

"गुरुजी, रंग बोटाले लागते. मले माहीत होतं. लय दिवसापासून माहीत होतं."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त पानं सारखी केली, वर दौत ठेवली आणि म्हणाले, "विचार कर. अजून महिना आहे."

महिनाभर मी विचार केला असं वाटत नाही. मी गाठींवर मार्के मारले. सकाळी भोंगा वाजे, मी जाई. रंगात रॉकेल जास्त पडलं तर अक्षर पसरायचं, मग मुकादम ओरडायचा. खोकला त्याच वर्षी पहिल्यांदा लागला. मनाशी म्हणायचो, चार हरणं तर खरी आहेत ना. बाकीच्याबद्दल कोण विचारणार आहे. डोंगर चढून बघायला कोण जाणार आहे. मग म्हणायचो, एवढी आठ वर्षं. शेवंतानं ज्या उन्हाळ्यांत एकटीनं घर ओढलं ते उन्हाळे. तिला काय सांगू, की तू ओढलंस ते यासाठी?

तिला सांगितलंच शेवटी. ती चुलीपुढे होती. ऐकून घेतलं, आणि तवा उतरवून ठेवला.

"नागपूरले आपन पाच वचनं घेतले," ती म्हणाली. "चवथं कोनतं होतं?"

खोटं बोलणार नाही, हे चौथं.

"मी तुमाले शिकवून नाई राह्यली," ती म्हणाली. "पन दोन महिनेच झाले. एवढ्यात कसं मोडता?" थोड्या वेळानं म्हणाली, "आन त्या आजीचं पाहा. एवढी फटकी चालू असून तिनं कोनाले सोडलं नाई. तुमी सोडून राह्यले तिले."

सभेला मी आणि गुरुजी सकाळच्या पॅसेंजरनं गेलो. मोठी खोली, लाकडी खुर्च्या, वीस-पंचवीस माणसं. माझ्या आधी एका गृहस्थांनी तांब्याच्या कुऱ्हाडींवर वाचलं. माझं नाव पुकारलं गेलं तेव्हा गुरुजींनी पिशवीतून इंग्रजी पानं काढली आणि माझ्याकडे बघितलं. मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी ती परत पिशवीत ठेवली.

मी मराठीत बोललो. पाठ करून गेलो होतो, तरी मधे दोनदा विसरलो. सांगितलं, की मी छत्तीस आकृत्या फार प्राचीन म्हणून कळवल्या होत्या. त्यांतल्या बत्तीस एका गोंड बाईनं साथीच्या काळात काढल्या आहेत, अवघ्या साठ-सत्तर वर्षांपूर्वी. रंगाची गोष्ट सांगितली. बोटाची सांगितली, आणि ती मी लपवली हेही. मग वही उघडून सव्वीस नावं वाचली. वाचताना वाटलं होतं, इथं काहीतरी होईल. खोलीत कुणीतरी खुर्ची सरकवली, बस.

प्राध्यापक सज्जन माणूस होते. त्यांनी विचारलं, "मग यात प्रागैतिहासिक म्हणावं असं काय उरलं?"

"चार हरणं."

"काळ्या दगडावर?"

"हो."

त्यांनी घड्याळ बघितलं. माझी सहा मिनिटं उरली होती, ती पुढच्या वक्त्याला मिळाली. नंतर चहाच्या वेळी ते मुद्दाम माझ्याजवळ आले. म्हणाले, "तुम्ही हे पत्रानं कळवलं असतं तरी चाललं असतं. एवढ्यासाठी यायची गरज नव्हती."

मी म्हणालो, "तुम्ही पंधरा मिनिटं दिली होती."

गाडीत गुरुजी खिडकीशी बसले. बाहेर तुरी उभ्या होत्या, गहू हिरवा होता. सेलूचं स्टेशन येऊन गेलं. मग म्हणाले, "इंग्रजी मात्र चांगलं झालं होतं रे." मी हो म्हणालो. त्यांचा हात पिशवीवर होता. त्या माणसानं माझ्यासाठी सहा महिने शब्दकोश उलटले होते, आणि त्या दिवशी त्यांचं काय गेलं हे मी कधी विचारलं नाही. पुढे सभेचा वृत्तांत छापून आला. त्यात उपस्थितांच्या यादीत माझं नाव आहे, श्रावण ऐवजी श्रवण. निबंधाचा उल्लेख नाही.

लोकांना वाटलं, आता हा सुधारेल. सुधारलो नाही. त्यानंतर तीसेक उन्हाळे आणि, मॅनेजर बदलल्यावर, काही हिवाळेही मी त्या डोंगरांतून हिंडलो. कपारी थोड्या सापडल्या, बहुतेक रिकाम्या. उत्तरेकडचा डोंगर तर आता दुसऱ्या राज्यात होता. एका चौकीवर माझ्या पतंगाच्या कागदांची झडती झाली. फरक एवढाच पडला, की आधी पाड्यात जायचो, बसायचो, विचारायचो, आणि मग वर चढायचो. त्यातून भरलेल्या एकोणीस वह्या माझ्या खाटेखालच्या पेटीत आहेत. त्या कुणी मागितल्या नाहीत. कुणी मागावं असंही आता फारसं वाटत नाही. काम केलं की थकवा येतो, आणि काम कुणी पाहिलं नाही की तो थकवा उतरत नाही, अंगातच राहतो. त्याची सवय होते. लोक याला वैराग्य म्हणतात. मी नाही म्हणत.

पण तो हंगाम मी सांगत होतो. होळीच्या सुमाराला शेवटच्या गाठी गेल्या आणि मी पुन्हा त्या पाड्यावर गेलो. मोठ्या कागदावर सगळी रांग नीट उतरवून घेतली होती. एकतीस माणसं, प्रत्येकाखाली त्याचं नाव, पाच जागा कोऱ्या, कडेला ते घर. जैतुराबाई अंगणात मोहाची फुलं पसरत होती. तेंदूपानांना अजून अवकाश होता. तिनं सून, नातसून, शेजारच्या दोन बाया अशा सगळ्यांना हाका मारल्या. मी कागद खाटेवर पसरला आणि डावीकडून नावं वाचायला लागलो. एकेका नावाला कुणीतरी हं म्हणायचं. कोऱ्या जागांपैकी एकीवर शेजारच्या म्हातारीनं बोट ठेवलं आणि गोंडीत काहीतरी म्हणाली. जैतुराबाईनं कपाळावर हात मारला. ते नाव मिळालं, मी लिहिलं. मग मी पुढे वाचलं, "तीस, जैतुरा. एकतीस, मैनी."

"थांब," ती म्हणाली.

कागदावर वाकली. तिला वाचता येत नव्हतं, पण जागा माहीत होती.

"उलटं झालं, बापू. मैनी अंदर. तिचा एक हात मायच्या हातात, एक माह्या. मी शेवटून."

मी खोडरबर काढलं. दोन्ही नावं पुसली, अदलाबदल करून पुन्हा लिहिली, आणि कोणतं अक्षर कुठं आहे ते तिचं बोट धरून दाखवलं. आठ वर्षांच्या माझ्या कामात कुणा जाणत्यानं केलेली ती एकच दुरुस्ती. ती दोन्ही नावांवरून बराच वेळ बोट फिरवत राहिली. पेन्सिल थोडी पसरली.

"आता बराबर?" मी विचारलं.

"हाव, आता बराबर," ती म्हणाली. "भाकर खाऊन घे अन निघ. तुही मोटार जाईन."